पंपाविना कारंजी उडाली कशी?

प्रश्न : इटलीतील तिवोली येथे व्हिला द'एस्ते ही सोळाव्या शतकातील बाग नुकतीच पाहिली. विजेचे पंप नसताना एवढ्या कारंज्यांसाठी पाणी वर कसे चढवत असत? आणि हा सारा खटाटोप केवळ श्रीमंती मिरवण्यासाठीच होता का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पाणी वर चढवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते आधीपासूनच वर होते. आनिएने नदी तिवोली गावाच्या उंचीवरून वाहत येते आणि तेथून दरीत कोसळते. 1550 मध्ये तिवोलीचा शासक म्हणून नेमणूक झालेल्या कार्डिनल (पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी) इप्पोलितो द'एस्तेसाठी वास्तुकार पिर्रो लिगोरिओने बाग आखली ती गावाखालच्या तीव्र उतारावर, आणि नदीचे पाणी ती कोसळण्यापूर्वीच अडवून गावाच्या पोटातून भुयारी कालव्याने बागेपर्यंत आणण्यात आले. बंद नळातील पाणी आपल्या मूळ पातळीपर्यंत चढू पाहते. त्यामुळे कारंजे जितके खालच्या टप्प्यावर, तितका त्याचा झोत जोरकस. वरच्या हौदातून सुटलेले पाणी पुन्हा खालच्या कारंज्याच्या कामी येई. बागेचा उतार हेच तेथील यंत्र होते.

याच पाण्याने बाजाही वाजवला जाई. ऑर्गनच्या कारंज्यात बंद कोठीत वेगाने कोसळणारे पाणी आपल्याबरोबर हवा ओढून आणी. ती कोठीत पाण्यापासून सुटी होऊन दाबाने नळ्यांमध्ये शिरे, आणि पाणचक्कीवर फिरणारे खुंट्यांचे दंडगोल ठरलेल्या क्रमाने सूर उघडत. मूळ यंत्र पुढे निकामी झाले. आपण ऐकले असेल ते पुन्हा घडवलेल्या यंत्राचे संगीत.

मिरवणे होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पोप होण्याची आकांक्षा पूर्ण न झालेल्या या कार्डिनलने शेजारच्या सम्राट हेड्रियनच्या उद्ध्वस्त प्रासादातून संगमरवर आणि पुतळेही उचलून आणले. तरीही बागेची मांडणी नीट पाहिली की तिच्यामागचा विचार उलगडतो. 'शंभर कारंजी' या लांबलचक रांगेच्या एका टोकाला तिवोलीचे प्रतीक असलेले अंडाकृती कारंजे आहे, तर दुसऱ्या टोकाला रोमची छोटी प्रतिकृती. म्हणजे तिवोलीच्या डोंगरांतून रोमकडे जाणाऱ्या पाण्याचा प्रवास पाहुण्याला काही पावलांत चालून करता येई. मात्र त्या काळी पाहुणा खालच्या दारातून शिरून चढत चढत प्रासादाकडे जात असे. आजचा प्रवासी वरून उतरतो आणि बाग उलटी वाचतो, याची मला नेहमी खंत वाटते.

पाण्याला याहूनही अधिक मान पाहायचा असेल, तर इटलीतच बान्याइया येथील व्हिला लांते पाहावा. वास्तुकार विन्योलाच्या नावावर असलेल्या या बागेत मधोमध एकच मोठा वाडा न बांधता दोन एकसारख्या इमारती दोन्ही बाजूंना सरकवल्या आहेत, जेणेकरून मधली वाट पाण्यासाठी मोकळी राहावी. वरच्या रानवट झऱ्यापासून निघालेले पाणी खाली रेखीव ताटव्यांमधील चौकोनी हौदापर्यंत येते आणि वाटेत झिंग्याच्या आकारात कोरलेल्या पाटातून खळखळते. बाग करवून घेणाऱ्या कार्डिनलचे आडनाव गांबारा, आणि इटालियनमध्ये झिंग्याला 'गांबेरो' म्हणतात. पुढे तेच पाणी दगडी मेजाच्या मधल्या चरातून वाहते, आणि जेवायला बसलेल्या पाहुण्यांची मद्ये व फळे त्यात गार होत.