१ नोव्हेंबरला इतिहासात काय काय घडलं?

बेळगावात राहणाऱ्याला ही तारीख पाठ असते, त्यामुळे घरापासूनच सुरुवात करतो.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला. तोवर बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला, पण चंदगड तालुका सोडून. चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. आमचे निम्मे पाव्हणे तिकडचेच, म्हणजे सोयरीक तीच, फक्त मध्ये राज्याची हद्द आली. केरळ, आंध्र प्रदेश आणि मध्य प्रदेश हीसुद्धा त्याच दिवसाची राज्यं.

पुढे १९७३ साली याच तारखेला म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं. २०१४ ला बारा शहरांची नावं बदलली, त्यात बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. घरात आम्ही अजून बेळगावच म्हणतो.

म्हणून इथं या दिवसाला दोन तोंडं आहेत. चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे घेऊन कर्नाटक राज्योत्सवाची, म्हणजे राज्याच्या स्थापना दिवसाची मिरवणूक निघते, तर बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणारी महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिवस पाळते. काळे कपडे, दंडाला काळी फीत, सायकल फेरी. लहानपणी आम्हाला त्यात सुट्टी तेवढी कळायची.

बाकी देशाचं थोडक्यात: १८५८ ला राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा, १९५४ ला पुद्दुचेरीचा कारभार भारताकडे, १९६६ ला हरियाणा, २००० ला छत्तीसगड.

महाराष्ट्राचा वाढदिवस मात्र १ मे १९६०.