तिठ्यावरची पाटी

मित्रा, पुढच्या रहदारीची खबर देणाऱ्या एलईडी पाटीचं तुझं डिझाइन बघितलं. लॅपटॉपवर झकास दिसतंय, पण जुलैत रत्नागिरीजवळ, महामार्गावरच्या हातखंब्याच्या तिठ्यावर छत्री घेऊन उभा राहून बघ. ताशी 60 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर कापते. वाचायला तीन सेकंद धर, 50 मीटर गेलेच. आणि तू तीन ओळी घातल्यास, त्याही सरकत्या! सरकता मजकूर काढूनच टाक. ‘रत्नागिरी उजवीकडे, पुढे रांग’ एवढं पुरे.

माझ्या अंगाशी आलेली गोष्ट सांगतो. आठ ठिपके उंचीच्या एलईडी पॅनलवर मी देवनागरी कोंबली होती. ‘थांबा’चा अनुस्वार गेला, ‘थाबा’ उरलं. रिक्षावाले महिनाभर मला तसंच हाक मारायचे. अनुस्वार, रफार, वेलांटीला जागा लागते. निदान 16 ठिपके घे.

गाड्या ओळखायला रस्त्यात पुरायची तारेची लूप नको, खड्डे बुजवताना पहिली तीच तुटते. धो धो पावसात कॅमेऱ्याला काही दिसत नाही, त्यापेक्षा रडार बरा. बोल्ट 316 जातीच्या स्टेनलेस स्टीलचे घे, खारा वारा साध्या लोखंडाला सोडत नाही. सोलर असेल तर आठवडाभर ऊन नाही असं धरूनच बॅटरी ठरव.

आणि सेन्सरकडून माहिती आली नाही, तर पाटी कोरी ठेव. गणपतीत मोकळ्या रस्त्यावर सकाळचीच ‘पुढे कोंडी’ दिसली, की चाकरमानी पुन्हा त्या पाटीकडे ढुंकून बघत नाही.