फुप्फुस प्रत्यारोपणानंतर थकलेल्या रुग्णाला वॉर्डात रोज चालवणे योग्य आहे का?

प्रत्यारोपणानंतर वॉर्डात आलेले आपले वडील चार पावलांत थकतात, तरीही त्यांना दिवसातून दोन-तीनदा आधार देऊन चालवतात, हे योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. शल्यचिकित्सकांनी मनाई केली नसेल, तर हे चालणे औषधाइतकेच नियमाने व्हावे, असे माझे मत आहे.

ही अशक्तता पडून राहिल्याने भरून येत नाही, उलट वाढते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ १० दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतले सुमारे १ किलो मांस झडले होते. आपल्या वडिलांच्या बाबतीत शस्त्रक्रियेपूर्वी धापेमुळे बसून काढलेला काळ, अतिदक्षता विभागातला मुक्काम आणि स्टिरॉइड्स यांची त्यात भर पडते. स्टिरॉइड्समुळे विशेषतः मांड्यांचे स्नायू दुबळे होतात, म्हणून पुष्कळ रुग्णांना चालण्यापेक्षा खुर्चीतून उठणेच जड जाते. शिवाय नव्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या चेता शस्त्रक्रियेत तुटलेल्या असल्यामुळे कफ साचूनही खोकल्याची उबळ नीट येत नाही. चालताना श्वास खोल जातो आणि कफ सुटण्यास मदत होते.

मात्र चालवण्याची एक रीत आहे. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून थोडा वेळ बसवावे, चक्कर नाही असे पाहूनच उभे करावे. छातीत नळी असल्यास तिची बाटली छातीच्या पातळीखाली आणि सरळ धरावी. तोंडाला मास्क, बोटाला ऑक्सिमीटर आणि मागोमाग एकाने ढकलत आणलेली व्हीलचेअर असावी. ऑक्सिजन डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेखाली गेल्यास जागीच बसवावे. दंडाला धरून ओढू नये, कारण छातीवरची जखम ताणली जाते. चालवताना आधारासाठी कंबरेला बांधलेल्या पट्ट्याला धरावे.

‘दमलेत हो, आज राहू द्या,’ हे वाक्य नातेवाइकांकडून मी नेहमी ऐकतो. माया समजते, पण नुकसान रुग्णाचेच होते. वॉर्डात मनुष्यबळ अपुरे असेल, तर ही पद्धत आपण स्वतः शिकवून घ्यावी, पण परवानगीवाचून एकट्याने चालवू नये.

प्रगती केवळ अंतरावर मोजू नका. तोल, ४ मीटर चालण्याचा वेग आणि हातांचा आधार न घेता खुर्चीतून ५ वेळा उठणे, अशी १२ गुणांची एक सोपी चाचणी असते. घरी सोडण्यापूर्वी ती करून घ्या. उठण्यात गुण कमी पडले, तर घरचा पलंग आणि कमोड आधीच उंच करून ठेवावा लागेल.