मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर खरी माती, दगड, काड्या वापरल्या तर टिकतात का? आणि त्यात पैसे किती वाचतात?

टिकतात. बिनधास्त वापरा. पैशांचं शेवटी सांगतो.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की कुणीतरी तुम्हाला म्हणालं, ‘असलं सामान वापरलंत तर दिवाळीचा किल्ला दिसेल.’ तेवढ्यासाठी हे लिहायला बसलोय. कारण हेच मला माझ्या साडूने ऐकवलंय. माझ्याच घरात, पाडव्याच्या दिवशी, फराळाला आलेल्या चार माणसांसमोर.

माझा लेआउट एचओचा, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढा, आठ बाय चार फुटी प्लायवर. विषय बोरघाट, मंकी हिलच्या आसपासचा. खऱ्या घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट, मीही तोच ठेवलाय. आठ फुटांत जेमतेम अडीच इंच चढतो, पण मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावल्याशिवाय दहा डबे वर जात नाहीत, आणि ते बघायला मजा येते.

खडीसाठी साडूचा सल्ला होता की परदेशी पाकीट मागव. मी विचार केला, रुळाखालची खडी ६५ ते २० मिलिमीटरची. तिला ८७ ने भागलं की पाऊण मिलिमीटर आणि त्याखालचा चुरा, म्हणजे रवाच. आणि इथली खडी म्हणजे काळा दगड, जो पुण्यात पाऊल टाकाल तिथे आहे. शेजारची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली होती, गेटपाशी कचीचा, म्हणजे फोडलेल्या दगडाच्या चुऱ्याचा, ढीग पडलेला. वॉचमनला विचारून पत्र्याचा एक डबा भरून आणला, धुतला, गच्चीवर पेपरावर वाळवला आणि घरातल्या रव्याच्या चाळणीने चाळला. चाळणीवरून जे झालं ते वेगळं. पण रंग असा जमला की फोटो बघून एक जण विचारत होता, हा कुठला किलोमीटर? पाकिटातली खडी मी साडूकडे पाहिली आहे, फिकट राखाडी. ती युरोपातल्या रुळांना शोभते, कर्जतच्या पुढे नाही.

तर पाडवा. सगळे टेबलाभोवती. गाडी सुटली, पहिल्या वळणाला अडखळली, दुसऱ्या फेरीत बोगद्याच्या तोंडाशी कुरकुर करून थांबली. मी रूळ पुसले, चाकं पुसली, काही नाही. साडूने खिशातून बारका स्क्रूड्रायव्हर काढला (हा माणूस फराळाला येतानाही स्क्रूड्रायव्हर घेऊन येतो), इंजिनाची टोपी उघडली आणि सगळ्यांना दाखवली. जुनं इंजिन, उघडी मोटर, आणि तिच्या चुंबकाला काळी दाढी आलेली. बारीक, उभी, ताठ दाढी. ‘ही तुझी खडी. तू आपला किल्लाच कर,’ म्हणाला आणि चकलीचा तुकडा तोंडात टाकला.

चूक माझीच होती, हे आता मान्य करतो. आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहाचं खनिज. चुरा केला की त्याचे कण सुटे होतात, आणि खडी जिथे नीट चिकटलेली नसते तिथून उडून थेट मोटरीत जातात. शाळेत असताना वाळूतून चुंबक फिरवून काळी पूड गोळा केली नव्हती का? तीच ती. उपाय दहा मिनिटांचा. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं, कोरड्या कचीतून फिरवायचं, बाजूला नेऊन चुंबक पिशवीतून बाहेर काढायचं की पूड खाली पडते. चुंबक कोरं निघेपर्यंत हेच. मला चार वाट्यांतून जवळजवळ पाव वाटी काळं निघालं. नंतर नेहमीसारखं, भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकलेलं पाणी फवारून मग पातळ फेविकॉल ड्रॉपरने सोडायचा. ते तुम्हाला माहीत असणारच. पूर्ण वाळल्यावर एकदा पालथ्या हाताने चाचपून बघा, सुटं काही लागलं तर पुन्हा सोडा. मी हे केलं नव्हतं.

त्या दिवसापासून गाडी बंद पडलेली नाही. साडूला फोन करून सांगितलं तर म्हणाला, ‘बरं.’

आता किल्ल्याचं. किल्ला ही शिवी आहे का? आम्ही वाड्यात किल्ले करायचो तेव्हा पोतं चिखलात बुडवून विटांवर टाकलं की सह्याद्रीच्या घड्या आपोआप पडायच्या, आणि अळीव पेरला की चार दिवसांत कुरणं. हात तिथेच तयार झाला. साडूच्या लेआउटवर कर्जतची पाटी आहे आणि भोवती विलायती फोमची गोल गोल हिरवी झाडं. मेंढ्या सोडल्या तर चरतील असं गवत. घाट वर्षातले चार महिने हिरवा असतो, मग पिवळा, आणि मे महिन्यात नुसता भाजलेला तपकिरी. तो रंग पाकिटात मिळत नाही.

माझ्याकडची झाडं म्हणजे तुळशीचे जुने, वाळून लाकूड झालेले फाटे. एवढ्या बारीक फांद्या दुसऱ्या कशाला नाहीत. उंच गवताला फुलझाडूचे तुरे, कापून उभे रोवायचे. कड्यांसाठी बाभळीची जाड साल, पण आडवी लावा. तिच्या उभ्या भेगा आडव्या झाल्या की लाव्हाचे थर एकावर एक रचल्यासारखे दिसतात. खरा दगड कड्याला वापरू नका, प्लाय वाकतो.

चहाच्या चोथ्याबद्दल सगळीकडे वाचाल की पालापाचोळ्याला उत्तम. आहेच. पण ते लिहिणाऱ्यांचा चहा बिनसाखरेचा. आपण पत्ती साखरेबरोबर उकळतो, वर दूध. मी तसाच वाळवून टाकला आणि तिसऱ्या दिवशी बोगद्यातून मुंग्यांची रांग बाहेर पडली, तीही रुळाच्या कडेकडेने, शिस्तीत. चोथा पाण्याचा रंग जाईपर्यंत धुवा. रवा, कणी, डाळीचा भरडा असलं खाण्याचं तर काहीच नको. पावसाळ्यात त्यात काय होतं ते डब्यात बघितलंच असेल.

हे आधी सांगायला हवं होतं: बाहेरून आणलेली माती कढईत खडखडीत भाजून घ्या, काड्या आणि साल दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका. शेवटी सगळ्यावर मॅट व्हार्निशचा हलका फवारा. सिंहगडावरून शेवाळ खरवडून आणू नका, जंगलातलं काहीच उचलू नये, आणि शेवाळ तसंही महिन्याभरात तपकिरी पडतं. तुमचा लेआउट एन स्केलचा, म्हणजे एचओच्या जेमतेम निम्म्या मापाचा, असेल तर यातलं निम्मं गैरलागू, तिथे तुळसही वडासारखी दिसते. आणि शहरातला स्टेशनभाग करत असाल तर तयार साहित्यच बरं, हे साडूचं म्हणणं मला पटतं. त्याला सांगू नका.

पैशांचा हिशेब मी ठेवला नाही. रव्याच्या चाळण्या दोन आणाव्या लागल्या, एक घरासाठी नवीन आणि एक, ‘ही आता तुमचीच,’ असं म्हणून मिळालेल्या जुनीला भोक पडल्यावर.