नव्या सत्रासोबत पहिल्यांदाच एकटे राहायचे आहे. अभ्यास आणि घर दोन्ही कसे सांभाळावे?

तुम्ही लिहिले आहे की नवे सत्र तीन आठवड्यांनी सुरू होते आहे, पहिल्यांदाच घरापासून दूर एकट्याने राहायचे आहे, स्वयंपाक आणि धुणे थोडेफार जमते, तरीही हे सगळे अभ्यासासोबत कसे निभावेल याची धास्ती वाटते. मी स्वतः पहिल्या सत्रात याच गोष्टीवर सपाटून आपटलो होतो, म्हणून उत्तर लिहितो आहे.

कामे येतात की नाही, ही माझी अडचण कधीच नव्हती. भांडी घासायला वीस मिनिटे लागतात आणि ती कोणालाही घासता येतात. घरी असताना आपली बरीच कामे दुसरे कोणीतरी करत असते, हे आपल्याला दिसत असते. पण ती कामे तेच कोणीतरी लक्षातही ठेवत असते, हे एकटे राहू लागल्यावरच उमगते. साबण संपत आला आहे, भाड्याची तारीख परवावर आली आहे, शेवटचा धुतलेला टॉवेल वापरून झाला आहे, अशा बारीकसारीक गोष्टींचा पहारा दिवसभर डोक्यात चालू राहतो आणि अभ्यासासाठी लागणारे लक्ष तो हळूहळू खाऊन टाकतो.

सहाव्या आठवड्यात माझी दोन सबमिशने एकाच शुक्रवारी आली. मंगळवारी रात्री मी कपडे बादलीत भिजत घातले आणि अर्ध्या तासात धुऊ, असे म्हणून लिहायला बसलो. ते कपडे मला आठवले गुरुवारी रात्री, तेही वास आल्यावर. एका शर्टाचा रंग बाकीच्यांवर उतरला होता, सगळे पुन्हा धुवावे लागले, आणि शुक्रवारी तोंडी परीक्षेला मी ओलसर कॉलरचा शर्ट घालून बसलो. परीक्षक काय विचारत आहेत यापेक्षा कॉलर मानेला चिकटते आहे, याकडेच माझे अधिक लक्ष होते.

म्हणून माझा मुख्य सल्ला असा की घरकामाचे वार सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांतच ठरवून टाकावेत. हे आठवडे मोठे फसवे असतात. तास सुरळीत सुरू झालेले नसतात, वेळ भरपूर दिसतो, आणि जेव्हा जे सुचेल तेव्हा ते करण्याची सवय लागते. प्रत्यक्षात किती वेळ लागणार आहे, याचा अंदाज क्रेडिटवरून, म्हणजे प्रत्येक विषयाचा अभ्यास मोजण्याच्या एककावरून, घेता येतो. युरोपातील क्रेडिट पद्धतीत एका सत्राला ३० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते, म्हणजे एकूण ७५० ते ९०० तास. ते वीस आठवड्यांत वाटले तरी आठवड्याला साडेसदतीस ते ४५ तास होतात. यात वर्गातले तास, घरचे वाचन, परीक्षेची तयारी, सारे काही आले. तुमच्याकडची पद्धत वेगळी असेल, पण वेळापत्रकात छापलेले तास हा अभ्यासाचा एक भागच असतो, हे सगळीकडे सारखे आहे. उरलेला भाग आपल्याला स्वतःच वेळापत्रकात बसवावा लागतो, आणि धुणेही त्याच वेळापत्रकात लिहावे लागते. माझे धुणे पुढे कायमचे बुधवारी संध्याकाळी गेले; वार पक्का झाल्यावर त्याचा विचार करण्याची गरजच उरली नाही.

दुसरे काम पहिल्याच आठवड्यात करण्यासारखे आहे. सगळ्या विषयांच्या सबमिशनच्या आणि परीक्षांच्या तारखा एकाच कागदावर, आठवडावार उतरवून काढाव्यात. प्रत्येक शिक्षक आपापल्या विषयापुरती तारीख देतो. चार तारखा एकाच आठवड्यात येऊन आदळणार आहेत, हे फक्त तुम्हाला दिसू शकते. असे आठवडे आधीच हेरून ठेवले, तर मोठी खरेदी आणि साफसफाई त्यांच्या आधी उरकता येते.

अभ्यासाबद्दल एकच सांगतो, कारण ते घरकामाशी जोडलेले आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि शिकलेल्यातला मोठा भाग पहिल्या दिवसभरातच विसरला जातो, असे त्यांत दिसले. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवून पाहणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिल्याचे आढळले. भांडी घासताना हात गुंतलेले असतात आणि डोके मोकळे असते. सकाळचा तास मनातल्या मनात आठवून पाहायला यापेक्षा सोयीची वेळ मला तरी सापडलेली नाही. जिथे अडते, तेवढेच नंतर वहीत पाहावे.

झोपेला मात्र कात्री लावू नका. १८ ते २५ वर्षे वयासाठी सात ते नऊ तासांची झोप योग्य मानली जाते, आणि "आता दिवा बंद कर" असे सांगणारे कोणी नसले की सर्वांत आधी तिचाच बळी जातो. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, फ्रिज पाच अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असावा. परीक्षेच्या आठवड्यात पोट बिघडणे फार महागात पडते. पैशांचे म्हणाल तर, आल्या दिवशीच भाडे बाजूला काढावे आणि उरलेले महिन्याच्या नव्हे, आठवड्याच्या हिशेबाने वापरावेत.

आणि ताप येण्याआधीच जवळचा दवाखाना कुठे आहे, तो किती वाजता उघडतो, हे पाहून ठेवा. अंगात ताप असताना हा शोध घेणे फार जड जाते. खोलीची दुसरी किल्ली भरवशाच्या मित्राकडे द्या. माझी दुसरी किल्लीही होती, अगदी नीट जपून ठेवलेली, आणि मी बाहेर जिन्यात बसलो होतो त्या रात्री ती खोलीतच, माझ्या टेबलाच्या खणात होती.