गॅदरिंगची वेळ शेवटच्या एस.टी.वरून ठरवा

यंदा सांस्कृतिक सचिव झालेय, गॅदरिंग जानेवारीच्या मध्यावर ग्राउंडवर आहे आणि सुरुवात कशापासून करू कळेना, असं तू लिहिलंयस. सोलापुरातल्याच एका कॉलेजात मी 17 गॅदरिंगं काढली, पहिली 2 नाचून आणि बाकीची खुर्च्या मोजून. त्या जोरावर सांगतो.

आधी तारीख बदल. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा असते. 68 लिंगांना नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम... पोलिस बंदोबस्तात अडकलेले, मंडपवाले आणि जनरेटरवाले होम मैदानावर. आम्ही एकदा हट्टाने त्याच आठवड्यात कार्यक्रम ठेवला. साउंडवाल्याने ऐनवेळी भाच्याला धाडलं. मिक्सरवरचं कुठलं बटण कशाचं, हे त्या पोराला आमच्याइतकंच माहीत. नाटकभर माईक शिट्ट्या मारत होता. आणि प्रेक्षक? गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, पाळण्यात! जानेवारीअखेर धर. फार पुढेही नको, प्रॅक्टिकल लागतात आणि दुपारी मंडपात बसवत नाही.

आता खरा मुद्दा. सगळे जण "उद्घाटन किती वाजता" इथून आखणी करतात. तू उलटी मोज. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडून रोज ये-जा करणारी मुलं-मुली तुमच्याकडे असणारच. त्यांची शेवटची सोयीची गाडी कधी आहे, ते स्टँडवर चौकशीच्या खिडकीत जाऊन विचार, मोबाईलवर बघून नको. समजा ती 9 ची आहे, तर 8 ला पडदा पडलाच पाहिजे. आता मागे ये. 12 नाच, प्रत्येकी 5 मिनिटं, वर पोरं आत-बाहेर होईपर्यंत 2 मिनिटं, झाली 84. एकांकिका 40. भाषणं 30 म्हणू, तीही प्राचार्यांचा मूड बरा असेल तर. राहिले सत्कार. नाव पुकारायचं, माणूस मागच्या रांगेतून येणार, शाल, टॉवेल, श्रीफळ, फोटो, "सर, इकडे बघा" म्हणून पुन्हा फोटो. एकाला दीड मिनिट लागतंच. यादी 20 जणांची असली की अर्धा तास गेला. बेरीज 3 तासांच्या वर. म्हणजे 5 च्या आत सुरुवात हवी, आणि पाहुणे तर साडेपाचला येणार.

म्हणून सत्कार आणि बक्षीस समारंभ सकाळी वेगळा उरक. यावर स्टाफरूममध्ये कुरकूर होईल, होऊ दे. संध्याकाळी फक्त प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, तोही ते येतील तेव्हा, दोन नाचांच्या मधे. त्यांच्यासाठी कार्यक्रम अडवून धरायचा नाही, हे प्राचार्यांकडून आधीच कबूल करून घे.

आवाजाचं नीट समजून घे. शाळा-कॉलेजं, दवाखाने आणि कोर्टांभोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. तिथली मर्यादा दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल. दोन माणसं साधं बोलली तरी साठाच्या घरात जातं. आणि रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद म्हणजे बंद. वर्षातले काही दिवस 12 पर्यंत सूट असते, पण ते दिवस सरकार ठरवतं, आपलं गॅदरिंग नाही. त्यामुळे ग्राउंडचा नाद सोड. कॉलेजचा बंदिस्त हॉल असेल तर तिथे, नाहीतर एखादं नाट्यगृह बघ. तारीख मात्र लवकर धरावी लागते. पोलिस ठाण्यात अर्ज तरीही द्यायचा आणि पोच घेतलेली प्रत खिशात ठेवायची. फाईलमध्ये नको, फाईल ऑफिसात कुलूपबंद असते.

वीज: साउंड आणि लाइट एकाच बोर्डावर घेऊ देऊ नकोस. आमच्याकडे लावणीच्या ऐन ठेक्याला हॅलोजन लावले आणि सगळंच बसलं. अंधारात पोरींनी टाळ्यांवर लावणी पुरी केली, ती गोष्ट वेगळी.

पाण्याचे जार आदल्या रात्रीच आणून ठेव. आपल्याकडे नळाचं पाणी रोज येत नाही, हे तुला सांगायला नको.

हिशोबाला एकच वही, एकच माणूस. मी ठेवायचो तो कॉमर्सचा नसायचा, अक्षर बरं असलेला असायचा.

पत्रिका छापायला टाकण्याआधी वेळांचा कागद इथे टाक. कात्री कुठे लावायची ते बघून सांगतो.