पाहुण्याच्या ताटात काय वाढायचं?

प्रश्न : मालवण तालुक्यात आम्ही घरच्याच दोन खोल्यांचा होमस्टे चालू केलाय, जेवण मी आणि सासूबाई बघतो. मुलगा म्हणतो टुरिस्टना सुरमई थाळी नाहीतर पनीरच लागतं, बाहेरून कूक आणूया, आपल्या पिठी-भाताला कोण पैसे देणार? मेनू बदलावा का? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, अजिबात बदलू नका. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, २०२१ ला चिपीचा विमानतळ पण सुरू झाला, माणसं येतायत, पण त्यांचा पैसा गावात किती राहतो ते शेवटी ताटावरच ठरतं. पनीर, फ्रोजन मटार, कूकचा पगार, सगळं बाहेर जाणार. तेच तुम्ही रापणीचे (किनाऱ्यावरून ओढतात त्या जाळ्याचे) पेडवे, तारल्या नाहीतर बांगडे असे मासे घेतलेत, शेजारणीकडून नारळ आणि तांदळाचं पीठ घेतलंत, तर थाळीचे पैसे वाडीतच चार घरांत फिरतात. सीझनला सुरमईचा भाव काय होतो आणि थाळीमागे तुमच्या हाताला काय लागतं, हा हिशोब एकदा मुलासमोर मांडाच. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं मुंबई-पुण्याच्या माणसाला रोज कुठे मिळतं हो?

आणि शिरवाळे पाहुण्यांसमोरच करा. तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे गरम असतानाच साच्यात घालून दाबायचे, खाली पांढऱ्याशुभ्र शेवया पडतात, सोबत गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. दाबायला पाहुण्यांची पोरं आपणहून पुढे येतील. सासूबाईंच्या हातचं हे कसब कूक आणून मिळत नाही, त्याचे वेगळे पैसे लावायला संकोच नको (घरातल्या बायकांची मेहनत आपण हिशोबात धरतच नाही, मला हे फार खटकतं).

जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचं कबूलच करू नका. कुळथाची पिठी, सुकट, टाकळ्याची भाजी, आठळ्या हे वाढा, आणि बुकिंगच्या फोनवरच हे सांगून टाका. मे महिन्यात रातांब्यांचं (कोकमाच्या फळांचं) आगळ, म्हणजे खारवलेला रस, जास्तीचं करून ठेवलंत तर जाताना बाटल्या पण खपतील. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, पण ते नाव लेबलवर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) रजिस्ट्रेशन मात्र आधी करा, घरगुती जेवण विकायलाही ते लागतं, अर्ज ऑनलाइन होतो, मुलाला ते काम द्या.